गरम झाल्यावर रुसणारी येझडी



आजोबांची येझडी थंड असताना एका किकमध्ये सुरू होते आणि सात-आठ किलोमीटरवर बंद का पडते, असा प्रश्न चि. अनिरुद्धने प्रागहून विचारला आहे. या गाडीचे मूळ त्याच शहरात आहे. फ्रांटिशेक यानेचेक यांनी १९२९ मध्ये वांडरर या जर्मन कंपनीकडून मोटारसायकल बनवण्याचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची रोमन लिपीतील पहिली अक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव सिद्ध केले. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून जावा आणि १९७३ पासून येझडी या नावाने गाड्या निघाल्या. १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला, परंतु इंजिनाची मूळ धाटणी तोवर फारशी बदलली नव्हती.

या गाडीच्या टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनच्या वर जसे काम चालते, तसेच खालीही चालते. पिस्टन वर चढताना क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक जिच्यात फिरतो त्या बंदिस्त पोकळीत, कार्बोरेटरमधून हवा व पेट्रोल यांचे मिश्रण ओढले जाते आणि पिस्टन उतरताना तेच दाबले जाऊन सिलिंडरच्या भिंतीतील वाटांनी वर ढकलले जाते. क्रँककेस हा अशा रीतीने एक पंपच असल्यामुळे त्यात कुठेही फट पडली की दोष कार्बोरेटरचा भासतो, आणि गॅरेजमध्ये कार्बोरेटरचा स्क्रू फिरवण्यात दिवस जातो.

ही फट बहुधा क्रँकच्या दोन टोकांवरील ऑइल सीलमध्ये, म्हणजे फिरत्या दांड्याला घट्ट बसणाऱ्या रबरी कड्यांमध्ये, आढळते. उजवीकडचे, डायनॅमोच्या बाजूचे सील कडक झाले तर बाहेरची हवा आत शिरून मिश्रण पातळ होते, इंजिन जास्त तापते, थ्रॉटल सोडल्यावरही वेग लगेच उतरत नाही आणि प्लगचे टोक पांढुरके दिसते. डावीकडचे, क्लचच्या बाजूचे सील गेले तर गिअरचे ऑइल आत ओढले जाते. सायलेन्सरमधून दाट धूर येत राहतो आणि ऑइलची पातळी मात्र घटत जाते.

गरम झाल्यावर बंद पडण्याची याहून साधी कारणे दोन असून त्यांतला भेद जागेवरच करता येतो. टाकीच्या झाकणातील बारीक भोक बुजले असेल, तर पेट्रोल उतरेल तशी आत पोकळी निर्माण होऊन पुरवठा थांबतो. अशा वेळी झाकण उघडताच हवा फुसकन आत शिरते आणि गाडी थोड्या वेळात पुन्हा सुरू होते. झाकण उघडूनही उपयोग झाला नाही आणि इंजिन निवल्यावरच ते चालू झाले, तर संशय कंडेन्सरवर जातो. कंडेन्सर म्हणजे पॉइंट (वीजप्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) उघडताना तेथे उडणारी ठिणगी शोषून घेणारा लहानसा भाग. तो उष्णतेने निकामी होऊ लागला की पॉइंटवर ठळक ठिणग्या उडतात आणि प्लगवरची ठिणगी क्षीण होते. पॉइंटमधील अंतर ०.४ मिलिमीटर ठेवावे लागते, आणि जुन्या सहा व्होल्टच्या गाडीत बॅटरी अशक्त असेल तर बाकी सर्व ठीक असूनही गाडी मिसिंग करते.

ऑइलबाबत एक समज उलटा आहे. लिटरमागे ४० मिलीऐवजी ८० मिली ऑइल घातल्यास इंजिन अधिक सुरक्षित राहते असे मानले जाते. प्रत्यक्षात जेटमधून, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छिद्रातून, तेवढ्याच द्रवात पेट्रोल कमी जाते, मिश्रण पातळ होते आणि जादा ऑइलाची काजळी सायलेन्सरच्या आतील नळीत साचून धुराची वाट अडते. तेव्हा गाडी सुरू होते, पण ओढत नाही.

यावरून तपासणीचा क्रम ठरतो: आधी झाकण व पेट्रोलचा प्रवाह, मग प्लग, पॉइंट व कंडेन्सर, नंतर सायलेन्सर, त्यापुढे सील आणि सर्वांत शेवटी कार्बोरेटरचा स्क्रू. चि. अनिरुद्धने सुट्टीत येताना प्रागहून सील आणावयाचे ठरवल्यास जुन्या सीलचे माप आधी येथून मागवून घ्यावे. मात्र इंजिन उघडण्यापूर्वी एकदा टाकीचे झाकण उघडून पाहिले जाईल, आणि कदाचित सीलची गरजच उरणार नाही.