सामायिक माती

बोरघाट उतरून आलेल्या वाटसरूला खोपोलीत पाणी दिसायचं. नाना फडणवीसांनी बांधलेला विस्तीर्ण तलाव आणि काठावरचा वीरेश्वर. पुढे 1915 मध्ये टाटांचं वीजघर आलं. लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी नळांतून घाटाखाली झेपावलं, मुंबईच्या गिरण्या चालवून पाताळगंगेत उतरलं. मग कारखाने आले, कारखान्यांमागे माणसं आली. देशावरची, कोकणातली, उत्तरेकडची. मातीत वाढलेले ते हात आता तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत रंगाच्या रिकाम्या डब्यात कढीपत्ता जगवतात.

शहराने दिलेली बाग बहुधा बघायची असते. फुलं तोडायची नाहीत, हिरवळीवर चालायचं नाही. मला हवी आहे ती हात मळवणारी बाग. आणि ती अशक्य नाही. मुंबई बंदराच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात रोज भाजीपाल्याच्या सालीदेठांचा ढीग साचे. खानपान विभागाच्या अधिकारी प्रीती पाटील यांनी 2002 च्या सुमारास तो गच्चीवर नेला, कुजवला आणि त्यातच भाज्या नि फळझाडं वाढवली. पद्धत कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोलकरांची. दाभोलकर गणिताचे प्राध्यापक, पण त्यांच्या प्रयोग परिवारात शेतकरीच एकमेकांचे शिक्षक होते. पुढे पाटील यांच्या 'अर्बन लीव्हज'मधून मुंबईकर रविवारी एकत्र येऊन माती कालवू लागले. पीक थोडं येतं, तेही वाटून घ्यायचं. मला ते वाटून घेणंच मोलाचं वाटतं. एरवी लिफ्टमध्ये मान खाली घालणारी माणसं दोडक्याच्या मांडवाखाली एकमेकांना गावाकडचं बी मागतात.

खोपोलीला तर शिक्षकही दुरून आणायला नकोत. पावसाच्या तोंडावर ठाकर, कातकरी बाया बाजारात शेवळांची रानभाजी घेऊन बसतात. सोबत काकडंही असतात, कारण त्यांच्या आंबटपणाशिवाय शेवळं घशाला खाजतात. टाकळा कोवळा कधी खुडायचा, भारंगी कशी उकळायची, हे त्यांना विचारावं. आपण मात्र वाट्याचा भाव पाडत बसतो. या मावशींना बागेत मानाने, मानधन देऊन शिकवायला बोलवावं, असं मला फार वाटतं.

आणि एक वाफा वालाचा हवाच. भात कापलं की जमिनीतल्या उरल्या ओलीवर वाल येतो, रायगडच्या मातीला ते कुणी शिकवावं लागत नाही. थंडीत शेंगा भरल्या की पोपटी लावायची. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, जाडं मीठ, ओवा. पाण्याचा थेंब नाही. तोंड पाल्याने दाबून मडकं उपडं करायचं आणि भोवती जाळ. साताऱ्याचे, जौनपूरचे शेजारी त्या जाळाभोवती बसतील. पण बांधावरचा भांबुर्डा ओळखून आणायला त्यांना आधी वाडीवरच्या मावशींनाच गाठावं लागेल.