अंदाजपत्रकात न बसलेली मरळ

पाटबंधाऱ्याच्या नोकरीत मी जेवढी अंदाजपत्रकं केली, त्या सगळ्यांत मातीकाम घनमीटरमध्ये, दगडी अस्तर चौरस मीटरमध्ये आणि भिजणारं क्षेत्र हेक्टरमध्ये मांडलेलं आहे. मासोळीचा रकाना कुठेच नव्हता. तो असायला हवा होता, हे मला भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातल्या एका गावात, तलावाच्या पाळीवर उभं असताना कळलं.

काम माझंच होतं. जुना मालगुजारी तलाव, म्हणजे आमच्याकडचा ‘मामा तलाव’, गाळाने भरला होता. उन्हाळाभर जेसीबी चालवून आम्ही तळ सपाट आणि खोल केला, कडा सरळ तासल्या. पहिल्याच पावसाळ्यात तलाव भरला. गावाने माझा शाल-नारळाने सत्कार केला आणि मी तो घेतलाही. दुसऱ्या वर्षी पाहणीला गेलो तेव्हा एक म्हातारा ढिवर जाळं गुंडाळत बसला होता. मी सहज विचारलं, “काय काका, पाणी आहे ना भरपूर?” तो म्हणाला, “पानी लय हाय जी सायेब. पन मरळ कुठी बसन?”

मला प्रश्नच कळला नाही. मग त्याने मला कडेने चालवत नेलं. पावसाळ्यात मरळ काठच्या उथळ पाण्यात येते, वनस्पतींच्या दाटीत जागा साफ करून अंडी घालते. पिलं तांबूस रंगाची असतात. त्यांचा थवा पाण्यावर तांबड्या डागासारखा सरकतो आणि आई-बाप खालून राखण करत फिरतात. म्हाताऱ्याच्या बोलण्यातली ही उथळ काठाची पट्टी मी ‘अनियमित उतार’ म्हणून कापून टाकली होती. तलाव खोल झाला होता, आणि त्यात मरळीला बसायला जागाच उरली नव्हती.

भंडारा हा तलावांचा जिल्हा, हे शाळेतल्या भूगोलात असतंच. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा काही भाग धरला तर असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत. ते बांधले मुख्यतः कोहळी समाजातल्या लोकांनी. गोंड राजवटीत जंगल तोडून गाव वसवणाऱ्याला गाव आणि तलाव बांधणाऱ्याला त्याखालची जमीन, असा रिवाज होता असं सांगतात. उताराचा अंदाज घेऊन त्यांनी एकाखाली एक तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, अशा बसवल्या, की वरच्याचा सांडवा वाहिला की खालचा भरावा. माझ्याकडे लेव्हल मशीन होतं. त्यांच्याकडे ते नसूनही पाळीची जागा चुकलेला जुना तलाव माझ्या पाहण्यात नाही.

हे तलाव कशासाठी, हे धान लावणाऱ्याला सांगावं लागत नाही. आमच्याकडे वर्षाला 1300 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे मराठवाड्यातल्या माणसाला हेवा वाटावा इतका. पण तो वेळेवर येईलच असं नाही. जुलैत पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, तयार असतात आणि रोवणी अडून बसते. ती कशीबशी उरकली, तर सप्टेंबर-ऑक्टोबरात भारी धान पोटरीत असताना पाऊस पाठ फिरवतो, आणि तेव्हाचे पंधरा दिवस वर्षाचा निकाल लावतात. एक हेक्टर बांधीत 5 सेंटीमीटर पाणी उभं करायचं तर 500 घनमीटर, म्हणजे 5 लाख लिटर लागतं. जिरण्याचा हिशेब वेगळा. हे एक ओलीत मिळालं की धान निसवतो, नाही तर लोंबी पोचट राहते. वैनगंगेचा मोठा पूर मात्र हे तलाव अडवू शकत नाहीत, हेही सांगून टाकतो. 2020 च्या ऑगस्टअखेर भंडारा आणि पवनी पाण्यात होती, त्याचा हिशेब वरच्या धरणांशी मांडावा लागतो.

नागपुरात एका कार्यशाळेत दिवसभर ‘रेझिलिअन्स’ हा शब्द ऐकला. पडद्यावर मराठीत ‘लवचिकता’ असं आलं. आमच्या भागात यासाठी साधा शब्द आहे, तग. धान तग धरतो, बैल तग धरतो, घर तग धरतं. धुऱ्यावर तूर, उभ्या धानात फेकलेली उतेऱ्याची लाखोळी आणि जवस, बोडीतली मासोळी, हे सगळं त्या तगाचं सामान. धान गेला तरी घरात खायला काहीतरी उरायचं. बोअरवेलच्या जोरावर उन्हाळी धान आला आणि धानावर पुन्हा धान असं सुरू झालं. तुडतुडे आणि खोडकिड्याला वर्षभर यजमान मिळाला. उन्हाळी धानाला माझा सरसकट विरोध नाही, कालव्याखाली तो शोभतो. पण भूजल उपसून घेतलेलं ते पीक मला उसनवारीचं वाटतं.

तलाव मोडले कसे, याचं उत्तर नुसतं गाळात सापडत नाही. 1951 मध्ये मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, संपली आणि तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी काही रामराज्य नव्हतं. पाळीवर माती टाकणारे हात कित्येकदा वेठीचे होते. पण पाळ फुटली तर कुणाला उठवायचं, हे गावाला ठाऊक होतं. तुडुमाची, म्हणजे पाणी सोडायच्या मोरीची, भोकं एकावर एक असतात, पाणी उतरेल तसं वरून खाली एकेक उघडायचं. ते कधी आणि किती, हे पाणकर ठरवायचा. आता पाणी एका खात्याकडे, मासेमारीचा ठेका दुसऱ्याकडे, अतिक्रमणाची तक्रार तिसऱ्याकडे. ऑक्टोबरात शेतकऱ्याला शेवटच्या भोकापर्यंत पाणी हवं असतं, ढिवराला उन्हाळ्यापुरता डोह राहायला हवा असतो. दोघंही खरे असतात, पण दोघांना एका सतरंजीवर बसवणारं कुणी नसतं.

मत्स्यबीजाचंही तसंच. रोहू, कतला, मृगळ वजनाने भरतात, पण साठलेल्या पाण्यात वीण घालत नाहीत. म्हणजे दरवर्षी बोटुकली विकत आणा. गवत्या मासा सोडला तर तो पाणवनस्पती फस्त करतो, आणि मग मरळ, दाढक, बोटरी या गावच्या मासोळ्यांना ना आडोसा ना खाद्य. मोकळ्या काठावर बेशरमाची झुडपं माजतात.

हे कोडं सोडवण्याचा रस्ता मला पुस्तकात सापडला नाही. मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांनाच अभ्यासक मानून त्यांच्याकडची माहिती गोळा केली. कोणती मासोळी कुठल्या वनस्पतीत अंडी घालते, कोणता पक्षी काय खातो, हे सगळं त्यात आलं. मग अर्जुनी-मोरगावकडच्या तलावांवर त्यांनी काम सुरू केलं. मी ते पाहायला गेलो ते ऐन उन्हाळ्यात. बेशरम मुळासकट उपटून ढीग लावले होते. ओलसर तळ नांगरला होता. ढिवर बायका, लुगड्याचा काचा मारून, दुसऱ्या तलावातून आणलेली रोपं चिखलात लावत होत्या, अगदी रोवणी करावी तशी. एकीने मला नावं सांगितली: गाद, चिला, चौरा, पांज, देवधान. मी वहीत उतरवून घेतली. नोकरीच्या अखेरीस वनस्पतींची नावं लिहिलेलं माझ्या वहीतलं ते पहिलं पान.

गाळ काढू नका, असं मी म्हणत नाही. तो काढून बांधीत टाकला तर जमीन सुधारते, 2017 मध्ये त्यासाठी सरकारी योजनाही आली. पण मधला भाग खोल करा आणि काठाची उथळ पट्टी हात न लावता सोडा. जवळच्या तलावात वनस्पती शाबूत असतील तर तिथून रोपं आणा.

तुमच्या गावच्या तलावाचं काम यंदा मंजूर झालं असेल, तर जेसीबी येण्याआधी एखाद्या म्हाताऱ्या ढिवराला पाळीवर घेऊन जा. तो दाखवेल तिथे खुणेचे दगड रोवा, आणि इंजिनिअरला, तो माझ्यासारखा असला तरी, त्या दगडांच्या अलीकडेच थांबवा.