लपवलेला हात

आमच्या घरातल्या एकाही फोटोत अण्णांचा उजवा हात दिसत नाही. लग्नकार्यात तो खिशात असे, बारशाला शालीखाली.

भोसरीतल्या एका कारखान्यात प्रेसवर काम करताना त्यांच्या दोन बोटांची पेरे गेली. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत असे हात विरळा नाहीत. पत्रा साच्यात सरकवायचा आणि प्रेस खाली येण्याआधी हात काढून घ्यायचा. एक क्षण चुकला की संपले! पण अण्णा त्याविषयी चकार शब्द काढीत नसत. ‘बाप्या माणसानं कसली कुरकुर करायची?’ एवढेच म्हणत.

मला लहानपणापासून चित्रे काढण्याचा नाद. मुंबईला सुधीर पटवर्धनांच्या आजवरच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन २०१९ साली भरले, तेव्हा मुद्दाम गेलो. पटवर्धन मूळचे पुण्याचे, जन्म १९४९ चा. शिकले डॉक्टरकी. १९७५ ते २००५ अशी तीस वर्षे ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून त्यांनी व्यवसाय केला आणि चित्रकला आपली आपण शिकले. रस्त्यावरची, लोकलमधली कष्टकरी माणसे हा त्यांचा विषय. क्ष-किरणांना मोडलेले हाड दिसते, मोडलेला माणूस दिसत नाही. तो मला या चित्रांत दिसला. देह कसे भरदार! पण खांद्यांवर दिवसभराचा शीण उतरलेला. ज्यांना आपण चितारतो त्यांना चित्रात आपली ओळख पटावी, अशी पटवर्धनांची इच्छा. मला मात्र तिथे अण्णांची ओळख पटली.

घरी येताच म्हटले, ‘‘अण्णा, हात जरा टेबलावर ठेवा.’’

‘‘डावा काढ की!’’

‘‘डावा केव्हाच काढून झाला.’’

काहीसे रागावूनच त्यांनी हात पुढे केला. टोकदार पेन्सिलीने एकेक सुरकुती, अर्धे उरलेले नख, टाक्यांची खूण मी कागदावर उतरवू लागलो. जन्मभर ज्या हाताने मला वाढवले, तो मी प्रथमच नीट पाहत होतो. तीन संध्याकाळी अशा गेल्या.

चौथ्या दिवशी मी बोलावण्याआधीच अण्णा दिव्याजवळ येऊन बसले. हात टेबलावर ठेवला आणि खिडकीकडे पाहत हळूच म्हणाले, ‘‘दवाखान्यात नेताना मी रडलो होतो रे. तुझ्या आईलासुद्धा सांगितलं नाही.’’

मी मान वर केली नाही. पेन्सिलही थांबवली नाही. थांबवली असती, तर तेही बोलायचे थांबले असते.