जोडीची चाल

पंचवटींत आयुष्य गेलेल्या माणसास रामाच्या नांवानें कधीं अस्वस्थता आल्याचें ऐकिवांत नाहीं. परंतु त्या नांवाशीं उगीच जवळीक दाखविणाऱ्या 'रॅम' नामक वस्तूनें आमची एका रात्रीची झोंप उडविली, हें वाचकांपाशीं कबूल केलेंच पाहिजे.

त्याचें असें झालें. आमच्या पुतण्यानें शिकवण्यांच्या पैशांतून एकेक भाग आणून घरींच संगणक जुळविण्याचें मनांत घेतलें. अखेरीस पैसे सरले आणि रॅमच्या दोन पट्ट्यांऐवजीं आठ जीबीच्या एकीवरच भागविण्याची वेळ आली. तेव्हां आम्हीं वडीलकीच्या थाटांत आमच्या बंद पडलेल्या संगणकांतली तेवढ्याच मापाची पट्टी काढून त्याच्या हातावर ठेवली. त्यानें ती निमूटपणें बसविली. यंत्र सुरू झालें आणि आमच्या औदार्याचें आम्हांसच कौतुक वाटलें.

महिन्याभरानें एका रात्रीं सहज त्याच्या पडद्याकडे पाहिलें, तों रॅमची गति २४०० दिसली. नव्या पट्टीच्या वेष्टनावर तर ३२०० हा आंकडा ठळक छापलेला! पोराला दुकानदारानें फसविलें, असा निकाल आम्हीं तत्काळ दिला आणि रात्रभर तळमळून सकाळीं तें वेष्टन घेऊन तरातरा दुकान गांठलें. त्या गृहस्थानें शांतपणें एवढेंच विचारलें, "शेजारीं दुसरी कोणती बसविली आहे?"

आमची पट्टी २४०० ची होती. शेजारीं बसलेल्या दोन पट्ट्यांना एकाच तालावर चालावें लागतें, आणि तो ताल त्यांतल्या मंद असणारीचा. जलद चालणारीस सावकाश चालतां येतें. सावकाश चालणारीस धांवतां येत नाहीं. पिढीच भिन्न असती तर हा घोटाळा झालाच नसता. जेडेक या संस्थेनें २०१२ सालीं डीडीआर-४ चें आणि २०२० सालीं डीडीआर-५ चें प्रमाण प्रसिद्ध केलें. संगणकाच्या या दोन्ही पट्ट्यांना जोडटोंकें २८८ च; पण मधली खांच निराळ्या जागीं, त्यामुळें एकीच्या जागेंत दुसरी शिरतच नाहीं. तेथें यंत्र तोंडावर नकार देतें. एकाच पिढींतली असमान गति मात्र तें मुकाट्यानें सोसतें. आमच्या पुतण्यानेंही ती तशीच सोसली होती! त्याला हें पहिल्या दिवसापासून ठाऊक होतें.

घरीं येतांच आम्हीं फर्माविलें, "ती जुनी पट्टी आत्तांच्या आत्तां काढून टाक."

तो हंसला. "काका, ३२०० म्हणजे सेकंदास ३२० कोटी खेपा, आणि एका खेपेस आठ बाइट. एकटी नवी पट्टी हिशेबानें २५.६ जीबी नेते. २४०० ची १९.२ च नेते. पण दोघी असल्या म्हणजे वाटा दोन होतात आणि मिळून ३८.४ भरतात. राहूं द्या."

ज्येष्ठांत निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघते आणि नाशकावरून पंढरपुरास जाते. दिंडींतले तरणे पाय म्हाताऱ्या पायांची चाल धरतात, हें आम्ही लहानपणापासून पाहत आलों आहों. आणि त्यावर दुसऱ्यांना चार शब्द सुनावतही आलों आहों. ती चाल आमच्यासाठीं कोणी धरली असेल, हें मात्र ध्यानांत आलें नव्हतें. पुतण्याचा हिशेब बिनचूक होता. परंतु ३२०० च्या दोन असत्या तर ५१.२ भरले असते, हेंही आम्हीं मनांतल्या मनांत मांडून पाहिलें. येत्या पेन्शनींतून तसलीच दुसरी पट्टी आणावयाची, असें ठरवूनच आम्ही उठलों.

त्या सायंकाळीं रामकुंडाकडे जातांना तो नेहमींप्रमाणें आमच्या बरोबरीनें चालत होता. त्याचीं पावलें आंखूड पडत होतीं, हें आम्हांस त्या दिवशीं प्रथमच दिसलें.