साठाव्या सेकंदानंतर

जावाच्या दुकानापुढे वेब सर्व्हर का ठेवायचा, हे या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. 80 आणि 443 ही पोर्टं, प्रमाणपत्रं, चित्रं वाटणं, मंद मोबाइलवरून तुकड्यातुकड्यानं येणारी मागणी गोळा करून घेणं, मागे दोन-तीन टॉमकॅट असतील तर त्यांच्यात गिऱ्हाइकं वाटणं हे पुढच्याचं काम. मागच्यानं हिशेब बघायचा. मॉड-जेकेच्या काळापासून मी हेच करत आलोय. पण या कामात एक जागा अशी आहे की तिच्यापाशी मी वर्षानुवर्षं अडतोय, आणि यंदाच्या आंब्याच्या हंगामात माझ्याकडे शिकायला आलेल्या कामोठ्याच्या एका मुलीनं ती जागा माझ्या हातून काढून घेतली. म्हणून लिहायला बसलो.

ती जागा म्हणजे साठावा सेकंद.

एनजिनएक्समध्ये वाचण्याची मुदत आपण लिहिली नाही, तर ती 60 सेकंदांची. अपाची 2.4 मध्येही 60 च, 2.2 मध्ये ती 300 होती. मागून तेवढा वेळ एक अक्षरही आलं नाही की पुढचा नाद सोडतो, गिऱ्हाइकाला 504 दाखवतो आणि मागच्याशी असलेली जोडणी बंद करतो. मागे टॉमकॅटच्या थ्रेडला याचा पत्ताच नसतो. तो पेमेंट गेटवेच्या उत्तराची वाट बघत बसलेला असतो. उत्तर सत्तराव्या सेकंदाला येतं. तो ऑर्डर नोंदवतो, कमिट करतो, साठ्यातून एक पेटी वजा करतो, आणि सगळं झाल्यावर पान लिहायला घेतो तेव्हा त्याला कळतं की पलीकडे कोणी नाही. लॉगमध्ये एक ओळ पडते : क्लायंट-अबॉर्ट-एक्सेप्शन, ब्रोकन पाइप. पनवेल स्टेशनात तिकीटखिडकीची फळी धाडकन पडावी आणि आत मात्र पैसे गल्ल्यात जाऊन तिकीट छापून झालेलं असावं, तसा हा प्रकार आहे.

ही ओळ निरुपद्रवी समजून लॉगमधून गाळून टाकणारी पुष्कळ माणसं मी पाहिली आहेत. मला त्यांचा राग येतो. पैशाच्या वाटेवर ती ओळ आली तर ती एका झालेल्या ऑर्डरची खबर असते, आणि ज्याला ती कळायला हवी त्यालाच कळलेली नसते.

आमचं एक गिऱ्हाईक हापूसच्या पेट्या विकतं. दुकान अपाची ओएफबिझवर उभं आहे, त्याच्या पोटातच टॉमकॅट आहे. अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात गर्दी होते. माणूस बँकेच्या पानावर पैसे भरतो, परत येतो, आमचं जावा गेटवेला विचारतं की पैसे खरंच आले का, आणि नेमका तेव्हा गेटवे दमलेला असतो. गिऱ्हाइकाला दिसतं 504. मागे जाऊन बघतो तर कार्ट जसंच्या तसं भरलेलं, कारण ते रिकामं करण्याची पायरी सगळ्यात शेवटची. तो पुन्हा पैसे भरतो. दोन पेट्या गाडीत चढतात. शर्ट परत येऊ शकतो; पिकायला लागलेला आंबा परत येऊन कोणाच्या कामाचा?

याहून वाईट प्रकार पूर्वी होता, आणि तो आज नव्या पोरांना सांगितला तर खरा वाटत नाही. एनजिनएक्स एका टॉमकॅटकडून उत्तर आलं नाही की तीच मागणी दुसऱ्या टॉमकॅटकडे पाठवायचा, मग ती पोस्ट असली तरी. गिऱ्हाइकानं बटण एकदाच दाबलेलं आणि ऑर्डरी दोन. 2016 च्या मार्चमध्ये आलेल्या 1.9.13 या आवृत्तीपासून त्यांनी हे बंद केलं. आता पोस्ट पुन्हा पाठवायची असेल तर तसं मुद्दाम लिहावं लागतं. तरीही पैशाच्या वाटेवर ही सोय मी स्वतःच्या हातानं बंद करतो, फाइलीत ती ओळ डोळ्यांना दिसावी म्हणून. दुसऱ्यानं ठरवलेल्या न लिहिलेल्या आकड्यांवर माझा भरवसा नाही.

या दुखण्यावर सगळ्यांना ठाऊक असलेलं औषध म्हणजे मुदत वाढवणं. 60 चे 300 करायचे, 300 चे 600. असं करणाऱ्यांची कामं माझ्याकडे येतात आणि फाइल उघडताच मला कळतं की इथे कोणीतरी रात्री घाईत होतं. मुदत वाढवल्यानं गिऱ्हाईक थांबत नाही. ते लोकलमध्ये उभं असतं, त्याचं स्टेशन येतं, ते ब्राउझर बंद करतं. मग एनजिनएक्स 499 नोंदवतो. हा आकडा कुठल्या मानकात नाही, त्यांचा स्वतःचा आहे. जोडणी पुन्हा तुटतेच, मागचा थ्रेड पुन्हा एकटाच काम संपवतो. शिवाय टॉमकॅटला मुळात थ्रेड 200. ते सगळे गेटवेच्या दारात ताटकळले की दुकानात नुसता आंब्याचा भाव बघायला आलेल्यालाही पान मिळत नाही.

क्लाउडवाल्यांनी याच्यात भर घातली. अ‍ॅमेझॉनचा लोड बॅलन्सर पुढे, त्यामागे एनजिनएक्स, त्यामागे जावा. बॅलन्सरची रिकामं थांबण्याची मुदत, आपण बदलली नाही तर, 60 सेकंद. एनजिनएक्सचीही 60. आधी कोण सोडतो यावर लॉगमध्ये 504 दिसणार की 499, हे ठरतं. आणि 499 दिसलं की तरुण मंडळी बिनधास्त सांगतात, गिऱ्हाईकच निघून गेलं. गिऱ्हाईक बिचारं तिथेच असतं. निघून गेलेला असतो तो आपणच पुढे उभा केलेला बॅलन्सर. कुबरनेटीसच्या जगात तर ही फाइल कोणी हातानं लिहीतच नाही, दुसरीकडे चार शब्द लिहायचे की ती तयार होते. त्यांचा सगळीकडे वापरला गेलेला इन्ग्रेस-एनजिनएक्स 2026 च्या मार्चनंतर सांभाळणार नाही, असं त्या मंडळींनी 2025 च्या नोव्हेंबरात जाहीर केलं, तेव्हा आपल्या दुकानापुढे नेमकं काय लिहिलेलं आहे हे बघायची वेळ अनेकांवर पहिल्यांदाच आली असेल. हाताखालची फाइल वाचता येणं हे मी या धंद्याचं पहिलं लक्षण मानतो, आणि ते कमी होत चाललंय.

यंत्रं जवळ आली म्हणून हे सुटेल, असंही काहींना वाटतं. इथे पनवेलजवळ हिरानंदानी फॉर्च्यून सिटीत योट्टाचं एनएम-1 डेटा सेंटर 2020 च्या जुलैत सुरू झालं. अ‍ॅमेझॉननं मुंबईचा विभाग 2016 मध्येच उघडला होता. 2018 च्या एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेनं पेमेंटची माहिती भारतातच ठेवण्याचा आदेश काढला. या सगळ्याचा मला अभिमान आहे. आपल्या गावच्या हद्दीत एवढी यंत्रं उभी राहावीत ही साधी गोष्ट नाही. पण सर्व्हर जवळ आला म्हणजे मिलिसेकंद वाचतात. आपली अडचण पूर्ण मिनिटाची आहे, आणि ते मिनिट अंतरात जात नाही, दुसऱ्याच्या दारात थांबण्यात जातं.

मग इतकी वर्षं मी काय करत होतो? पुढच्या फाइलीत कारागिरी. चेकआउटची वेगळी लोकेशन, तिची वेगळी मुदत, वेगळं त्रुटीचं पान. हे चूक नव्हतं. पण ते मी तिथेच का करत होतो, याचं खरं कारण सांगायला हवं : ती फाइल माझी होती. मागचा जावा दुसऱ्यांचा. त्यांच्या कोडमधली उणीव पुढे बसून, त्यांना न विचारता, एका ओळीत भरून काढण्यात मला जी धुंदी यायची ती दुसऱ्या कशात आली नाही. 2020 चा फेब्रुवारी मला त्यासाठीच आठवतो. क्रोम 80 आला आणि बँकेच्या पानावरून पोस्टनं परतणाऱ्या गिऱ्हाइकाबरोबर जेसेशनआयडीची कुकी यायची बंद होऊ लागली. पैसे भरलेला माणूस दुकानात शिरताच अनोळखी. जावाच्या कुकीच्या वर्गात तेव्हा सेमसाइट लिहायला जागाच नव्हती. मी अपाचीत हेडर बदलणारी एक ओळ घातली आणि मागच्या मंडळींनी कोड उघडायच्या आत दुकान चालू केलं. त्याच महिन्यात टॉमकॅटमधलं घोस्टकॅट हे भगदाड उघडकीला आलं, एजेपीच्या 8009 पोर्टातून फाइली वाचता येत होत्या, आणि तेही दार मी पुढून लावून टाकलं. महामारीमुळे क्रोमनं एप्रिलमध्ये आपला बदल काही काळ मागे घेतला, पण मी माझी ओळ मागे घेतली नाही. पुढे बरेच महिने भेटेल त्याला ती दाखवत होतो.

या मुलीला ती धुंदी नाही. तिनं माझी फाइल शांतपणे वाचली आणि विचारलं, “सर, पुढच्यानं नाद सोडला हे मागच्याला कोण सांगतं?”

“कोणीच नाही.”

“मग मागच्यानंच आधी सोडायला हवा ना?”

तिनं जावा उघडला. गेटवेला विचारणाऱ्या हाकेला मुदतच नव्हती. जावाच्या जुन्या एचटीटीपी जोडणीची वाचण्याची मुदत, आपण घातली नाही तर, शून्य, म्हणजे अनंत. जावा 11 मधला नवा क्लायंटही मुदत दिली नाही तर तसाच थांबतो. पुढे 60 सेकंदांचा माणूस आणि मागे अनंतकाळ थांबणारा, अशी ती जोडी होती. तिनं विचारणा 20 सेकंदांवर आणली. ऑर्डरचा नंबर आता गिऱ्हाइकाला बँकेकडे पाठवण्याआधीच तयार होतो, डेटाबेसमध्ये तो दुसऱ्यांदा नोंदवता येत नाही, आणि त्याच क्षणी कार्ट बाजूला ठेवलं जातं. वीस सेकंदांत उत्तर आलं नाही तर ऑर्डर ‘तपासात’ म्हणून नोंदली जाते आणि गिऱ्हाइकाला नंबरासकट पान मिळतं : पैसे आले का ते बघतो आहोत, पुन्हा भरू नका. एक वेगळं काम मागे गेटवेला विचारत राहतं. पुढच्याच्या साठाव्या सेकंदापर्यंत आता गोष्ट जातच नाही.

मग तिनं माझ्या फाइलीतल्या चेकआउटच्या बहुतेक ओळी काढून टाकल्या. मला विचारून काढल्या, तरी लागलं. त्यातली एकेक ओळ कुठल्या रात्री लिहिली ते मला सांगता आलं असतं. ती म्हणाली, “सर, जुनी फाइल ठेवलीय गिटमध्ये.” तिला वाटलं मला भीती वाटतेय. भीती नव्हती, त्या फाइलीकडे बघून मला ओळखणारं आता कोणी राहणार नाही, हे कळलं होतं. पुढचा सर्व्हर मी आजही ठेवतो, आणि टॉमकॅट स्वतःच टीएलएस करतो तेव्हा पुढे काही नको म्हणणाऱ्यांशी आजही भांडतो. पण पैसे आले की नाही हे त्याला कधीच कळणार नाही, तेव्हा त्याबद्दलचा निर्णय त्याच्याकडे द्यायचा नाही, हे आता मला मान्य आहे.

ज्यांच्या हाताखाली असं दुकान आहे त्यांना एवढीच विनंती : पुढच्या फाइलीतली मुदत आणि जावातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक हाकेची मुदत एका कागदावर शेजारीशेजारी लिहा. मागची मोठी असेल, किंवा लिहिलेलीच नसेल, तर दिवाळीची गर्दी सुरू व्हायच्या आत ती बदला.