सोबतीनं सुटलेली सिगारेट

सिगारेट मी एकट्यानं शिकलो नाही. कॉलेजातले मित्र, इंदूरच्या राजवाड्याजवळची पानाची गुमटी, रात्री सराफ्यात दुकानं मिटल्यावर भरणारा खाऊचा बाजार आणि खाणं आटोपल्यावर हातोहात फिरणारं पाकीट, असं ते शिक्षण होतं. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, मुलं मोठी झाली. पाकीट खिशातच राहिलं. सोडायची वेळ आली तेव्हा मात्र जो तो म्हणायचा, "मनावर घे, सुटेल." धरताना चारचौघं आणि सोडताना एकटं, ही रीत मला आज पूर्णपणे चुकीची वाटते. माझी सिगारेट सुटली ती औषधाच्या आधारानं, माणसांच्या सोबतीनं आणि हळूहळू.

जिना चढताना दम लागायला लागला म्हणून डॉक्टरांकडे गेलो. दिवसाला किती ओढता, हे त्यांनी नंतर विचारलं. आधी विचारलं, "सकाळी उठल्यावर किती वेळात पहिली पेटवता?" कार्ल फागरस्ट्रॉम या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या चाचणीत या प्रश्नाला फार महत्त्व आहे. रात्रभरात रक्तातलं निकोटीन उतरतं. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत ज्याला सिगारेट लागते, त्याचं शरीर निकोटीनच्या जास्त आहारी गेलेलं असतं. माझं उत्तर होतं, "चहाच्या आधी." त्यांनी 4 मिलिग्रॅमचा निकोटीन गम लिहून दिला. 2 मिलिग्रॅमचा गम आपल्याकडे चिठ्ठीशिवाय मिळतो. 4 मिलिग्रॅमसाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते.

निकोटीन सोडवायला निकोटीनच घ्यायचं, हे मला पटेना. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. सिगारेटचा झुरका घेतला की दहा-वीस सेकंदांत निकोटीन मेंदूत पोचतं, आणि त्या वेगामुळेच चटक लागते. गममधलं निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतून सावकाश आणि कमी प्रमाणात रक्तात उतरतं. तलफ बोथट होते, पण झुरक्याचा तो झटका मिळत नाही. फुप्फुस आणि हृदय पोखरणारे मुख्य गुन्हेगार म्हणजे धुरातलं डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि इतर विषारी द्रव्यं. गममध्ये त्यांतलं काहीच नसतं. या गमची कल्पना 1960च्या दशकात स्वीडनमध्ये निघाली. पाणबुडीत धूम्रपान करता येत नाही, म्हणून नौसैनिक तिथे तंबाखू चघळून वेळ निभावतात, हे तिथल्या संशोधकांच्या लक्षात आलं होतं. त्यावरून ओव्ह फर्नो यांनी निकोटीनचा गम तयार केला. आज ही उपचारपद्धती भारताच्या 2022च्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतही आहे. तिच्यामुळे सिगारेट सुटण्याची शक्यता साधारण दीडपट होते, असं अनेक चाचण्यांतून दिसून आलं आहे. हे कळल्यावर औषध घेण्यातला माझा संकोच गेला.

हा गम नेहमीच्या च्युइंगगमसारखा चावत राहायचा नसतो. सावकाश चावायचा, तोंडात चुणचुण झाली की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा, चुणचुण थांबली की पुन्हा थोडा चावायचा. असं अर्धा तास चालतं. भराभर चावला तर निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं. मग उचकी लागते, छातीत जळजळतं आणि तलफ तशीच राहते. इंदूरच्या माणसाला अवघड जातो तो पुढचा नियम. आंबट किंवा आम्लधर्मी काही खाल्लं-प्यायलं की तोंडात निकोटीन शोषलंच जात नाही. चहा, कॉफी, लिंबू, सगळं त्यात आलं. आमची सकाळ म्हणजे शेव, जिरावन मसाला आणि वरून लिंबू पिळलेले पोहे, सोबत जिलबी आणि लगेच चहा. त्यानंतर पाव तास थांबून मगच गम तोंडात टाकायचा, हे मला घड्याळ बघून शिकावं लागलं. नेमका तोच पाव तास पूर्वी सिगारेटचा असायचा. म्हणून पोहे संपले की गुमटीच्या उलट्या दिशेनं चालायला लागायचं, असं मी ठरवून टाकलं.

सिगारेटी मी एकदम थांबवल्या नाहीत. आधी सवयीनं पेटणाऱ्या बंद केल्या: स्कूटर लावल्यावरची, फोन संपल्यावरची, कुणाची वाट बघतानाची. त्यांच्या जागी गम घेतला. मग ऑफिसातल्या गेल्या, मग संध्याकाळच्या. जेवणानंतरची आणि पहाटेची या शेवटपर्यंत चिवटपणे टिकल्या. आकडा खाली आला की वाटतं, आता एखाददुसरी ठेवली तर काय बिघडतं? डॉक्टरांनी याबद्दल मला सुरुवातीलाच सावध केलं होतं. रोज एकच सिगारेट ओढणाऱ्याच्या हृदयविकाराचा वाढीव धोका, रोज वीस ओढणाऱ्याच्या वाढीव धोक्याच्या जवळजवळ निम्मा असतो. तो विसाव्या हिश्शावर येत नाही. शिवाय उरलेल्या सिगारेटी माणूस नकळत खोलवर ओढतो. म्हणून कमी करण्याच्या वाटेला शेवटची तारीख हवीच. पाकिटावर छापलेल्या 1800-11-2356 या राष्ट्रीय क्विटलाइनला मी फोन केला. ही मोफत सेवा 2016 साली दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधून सुरू झाली. तिथल्या समुपदेशकानं माझ्याकडून तारीख ठरवून घेतली आणि नंतर स्वतःहून चौकशीचे फोन केले.

शरीराची ओढ गमनं सांभाळली. हाताला, वेळेला आणि गप्पांना लागलेली सवय सांभाळली ती माझ्या सोबत्यांनी. रामबागेतले आम्ही काही जण संध्याकाळी चिमणबागेच्या मैदानावर फिरायला जायचो. त्यांतले एक काका जुने गिरणीकामगार. इंदूरच्या कापडगिरण्या एकेक करून बंद पडल्या त्या काळात त्यांची विडी वाढत गेली. दुसरा सियागंजात मालाची चढउतार बघणारा तरुण. तिसरे बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना सिगारेट सोडून बरीच वर्षं झालेली, तरी ते रोज यायचे. मी तारीख सांगितल्यावर काका म्हणाले, "तू सोडतोयस ना, मग मीपण बघतो." त्या तरुणानंही तेच ठरवलं. विडी पानाची म्हणून सौम्य, असा काकांचा समज होता. प्रत्यक्षात तेंदूपान नीट जळत नाही, विडी विझू नये म्हणून भराभर झुरके घ्यावे लागतात आणि धूर जास्त आत जातो. डॉक्टरांनी काकांना निकोटीनचा पॅच दिला. तो रोज सकाळी दंडावर नव्या जागी चिकटवायचा असतो आणि दर काही आठवड्यांनी 21, 14, 7 मिलिग्रॅम असा उतरवत न्यायचा असतो. बोळकं झालेल्या तोंडाला गम चावणं जमणार नव्हतं, म्हणून ही सोय.

आमचा नियम साधा होता. तलफ आली की फोन करायचा, वेळ कुठलीही असो. तलफ काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ कुणीतरी बोलत राहिलं की पुरतं. फोनवर उपदेश करायचा नाही, पोरांचं, पावसाचं, भाजीच्या भावाचं काहीही बोलायचं. एका रात्री सियागंजातल्या त्या तरुणानं मित्राच्या लग्नाच्या मिरवणुकीत सिगारेट ओढली आणि नंतर मैदानावर येणंच बंद केलं. बँकेतले काका त्याच्या घरी गेले. म्हणाले, "अरे, मीही असाच पाय घसरून परत उठलोय. एक ओढलीस, पाकीट घेतलं नाहीस ना? चल मैदानावर." तो आला. "दादा, मला वाटलं आता सगळं संपलं," असं तो मला म्हणाला. एका घसरणीमुळे आधीची मेहनत वाया जात नाही, हे त्या वाटेनं स्वतः गेलेल्या माणसाकडून ऐकलं की पटतं. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986पासून हेच करत आलं आहे. व्यसनातून बाहेर आलेली माणसंच तिथे नव्यांना हात देतात.

सुटल्यानंतरच्या आठवड्यांत चिडचिड झाली, झोप मोडली. त्यातली बरीच अस्वस्थता चहाची निघाली. सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफिनचा निचरा वेगानं करतं. धूर थांबला की तोच चहा अंगात जास्त वेळ राहतो आणि जास्त चढतो. संध्याकाळचा चहा अर्धा केल्यावर झोप सुधारली. गम साधारण 12 आठवडे चालतो: सुरुवातीला तास-दोन तासांनी एक, पुढे अंतर वाढवत वाढवत बंद. मीही तसाच उतरवला. आता जिना चढताना मध्ये थांबावं लागत नाही. काकांची विडीही बंद आहे. तो तरुण नव्या माणसांना मैदानावर घेऊन येतो.

हे वाचणाऱ्या आणि खिशात पाकीट असणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे. आपली इच्छाशक्ती कमी पडली, असं म्हणून स्वतःला कमी लेखू नका. हृदयविकाराचा झटका नुकताच येऊन गेला असेल किंवा गर्भारपण असेल तर निकोटीनचं कुठलंही औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. एरवीही एकदा त्यांचा सल्ला घ्या. क्विटलाइनला फोन करा, तारीख ठरवा. आणि ती तारीख मनात न ठेवता, रात्री-बेरात्री तुमचा फोन उचलतील अशा दोन माणसांना आजच सांगा.