दिवाळीच्या सुट्टीत बुखारा-समरकंद : पगारात बसणारी सफर

सुट्टी लागली की घराघरांत एकच प्रश्न निघतो, यंदा कुठे? उत्तरही बहुधा ठरलेले असते. मुलांचे आजोळ, फार तर महाबळेश्वर किंवा अजमेर. परदेश म्हटले की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात, आखातातली नोकरी आणि हज-उमराहची सफर. सगळ्या घराने मिळून, कर्ज न काढता, केवळ जग पाहायला जायचे ही गोष्ट आपल्या हिशेबात येतच नाही. ती पैसेवाल्यांची चैन आहे असे आपण धरून चालतो.

आम्ही मिरजेचे. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, माझे शौहरही शिक्षक आहेत. घराच्या कर्जाचा हप्ता चालू आहे. तरी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघे, नववीतली लेक आणि सदुसष्ट वर्षांच्या सासूबाई असे चौघे नऊ दिवस उझबेकिस्तानात राहून आलो. परतल्यापासून ओळखीच्या बहिणी सारख्या विचारतात, जमवले कसे? त्या सगळ्यांसाठी हे लिहीत आहे.

आधी एका बोलण्याचे उत्तर देते, कारण ते तुम्हालाही ऐकावे लागेल. “एवढ्या पैशांत उमराह झाला असता की!” असे आम्हाला नात्यातल्या तिघा-चौघांनी सुनावले. बोलणे प्रेमाचेच होते. आमच्या घरी उमराहची रक्कम वेगळ्या खात्यात साठते आणि त्या खात्याला आम्ही हात लावला नाही. या सफरीसाठी दोन वर्षे दरमहा आठ हजार रुपये बाजूला टाकले. त्या दोन वर्षांत नवा फोन घेतला नाही, लग्नसराईत नवे जोड शिवले नाहीत. जमिनीवर फिरा आणि आधीच्या लोकांचे काय झाले ते पाहा, हे कुरआनात पुन्हा पुन्हा आले आहे. पाहण्यासाठी केलेल्या खर्चाला उधळपट्टी म्हणावे असे मला वाटत नाही. तरीही शेवटचा शब्द अम्मींचा होता. त्या म्हणाल्या, “इमाम बुखारी का गाँव देखना है मेरेकू. गुडघे चलते हैं तबतक ले जाओ.” त्यानंतर घरात चर्चा उरली नाही.

उझबेकिस्तानच का? पहिले कारण हिशेबाचे. दिल्लीहून थेट विमानाने ताश्कंद तीन-चार तासांवर आहे. भारतीयांना ई-व्हिसा मिळतो. एकदा प्रवेश, तीस दिवसांपर्यंत मुक्काम, फी २० डॉलर. अर्ज सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या भरता येतो, मधल्या माणसाला पैसे मोजायची गरज नाही. अर्जाच्या वेळी फी आणि नियम तेवढे ताजे पाहून घ्या. दुसरे कारण जेवणाचे. मुस्लिम देश असल्याने हलालची चिंता कमी राहते. मात्र बऱ्याच हॉटेलांत दारूही मिळते, म्हणून बसण्याआधी एकदा नजर टाकावी. तिसरे कारण हवामानाचे, आणि इथेच शाळेच्या सुट्ट्या उपयोगी पडतात. तिथे जूनअखेरीपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत कडक उन्हाळ्याचे चाळीस दिवस असतात, पारा चाळिशीपार जातो. त्या दिवसांचे नावच ‘चिल्ला’ आहे. ते टाळायचे. दिवाळीच्या सुट्टीत दुपारचे ऊन सुखाचे असते, रात्री स्वेटर लागतो आणि बाजार डाळिंब-द्राक्षांनी भरलेला असतो.

नियोजनात एक गोष्ट मनाशी पक्की करा. शहरे कमी, मुक्काम जास्त. आम्ही तीनच शहरे घेतली. ताश्कंदला उतरून एक रात्र, तिथून सरळ दूरच्या बुखाऱ्याला तीन रात्री, परत येताना वाटेतल्या समरकंदला तीन आणि शेवटची पुन्हा ताश्कंदला. रोज गाव बदलले की गाडीभाडे वाढते, म्हातारे माणूस दमते आणि दमलेले माणूस महाग जेवण आणि महाग टॅक्सी शोधते. एका ठिकाणी तीन रात्री काढल्या की दुसऱ्या दिवशी नानवाई ओळखू लागतो.

विमानाच्या तिकिटांनीच जवळपास निम्मी रक्कम घेतली. ती आम्ही चार महिने आधी काढली आणि मिरजेहून दिल्लीला गोवा एक्स्प्रेसने गेलो. दीड दिवस लागतो, पण अम्मींना आगगाडी सोसते. तिकडेही आगगाडीच बरी. ‘अफ्रोसियोब’ ही वेगवान गाडी ताश्कंदहून समरकंदला दोन-सव्वादोन तासांत पोहोचते आणि पुढे बुखाऱ्याला जाते. तिची तिकिटे लवकर संपतात, म्हणून विक्री सुरू झाली की लगेच रेल्वेच्या संकेतस्थळावरून घ्यावीत. ‘शर्क’ नावाची गाडी थोडी हळू आणि स्वस्त आहे. परतीला आम्ही तीच घेतली, खिडकीतून कापसाची शेते निवांत पाहता आली. बुखाऱ्याचे स्टेशन मात्र जुन्या शहरापासून बारा-पंधरा किलोमीटरवर कागान गावात आहे. तिथून बस मिळते, आणि चौघांत टॅक्सी केली तरी परवडते. टॅक्सी मोबाइलच्या ॲपवरून बोलवावी, भाडे आधी कळते आणि घासाघीस करावी लागत नाही. ताश्कंदमध्ये तर मेट्रो आहे, १९७७ साली सुरू झालेली, मध्य आशियातली पहिली. एकेक स्टेशन महालासारखे सजवलेले. तिकीट आपल्या वीस-पंचवीस रुपयांच्या घरातले. पूर्वी तिथे फोटो काढायला बंदी होती, २०१८ पासून मुभा आहे. लेकीने एका दुपारी सहा स्टेशने पाहिली, तीही जवळपास फुकटात.

मुक्कामाला मोठे हॉटेल नको. बुखारा आणि समरकंदच्या जुन्या वस्तीत अंगणाभोवती खोल्या असलेली घरे आहेत, ती आता पाहुण्यांना देतात. एका खोलीत चार खाटा मागितल्या की काम होते. सकाळचा नाश्ता भाड्यात असतो आणि तो आपल्या जेवणाएवढा असतो. नान, अंडी, साय, मुरंबा, फळे, चहा. परदेशी पाहुण्याच्या मुक्कामाची सरकारी नोंद मालकानेच करायची असते, ती झाली का एवढे विचारून घ्यावे. प्रत्येक ठिकाणी अम्मींचा पहिला प्रश्न किब्ल्याचा. शब्द तोच असल्याने मालक लगेच नैऋत्येकडे हात करी. आपल्यासारखा तो पश्चिमेला नाही, याचे त्यांना पहिल्या दिवशी मोठे नवल वाटले.

आता भाषेविषयी, कारण आमचे सगळ्यात जास्त पैसे तिनेच वाचवले. आम्ही वाटाड्या केला नाही. उझबेक ही तुर्की कुळातली भाषा, त्यामुळे वाक्य कळत नाही. पण शब्दांचा मोठा साठा फारसी-अरबीचा आहे आणि तो आपल्या घरात आहेच. निघण्याआधी लेकीला एक युक्ती शिकवली, आपल्या ‘आ’च्या जागी पुष्कळदा ते ‘ओ’ म्हणतात. बाजार म्हणजे बोझोर, किताब म्हणजे कितोब, अनार म्हणजे अनोर, बदाम म्हणजे बोदोम, मेहमान म्हणजे मेहमोन. दुकानदार तिथल्या बायका अम्मींना ‘खोला’ म्हणत, म्हणजे खाला. आठवड्याला हफ्ता आणि शुक्रवारला जुमा. आकडे मात्र वेगळे, बिर, इक्की, उच... हजाराला ‘मिंग’. तिथल्या ‘सोम’ चलनात भाव हजारांतच सांगतात, म्हणून ‘मिंग’ हा शब्द आधी शिका. एक गंमतही सांगते. तिकडे ‘सब्जी’ म्हणजे गाजर. चायखान्यात अम्मींनी हौसेने सब्जी मागितली आणि समोर गाजराची थाळी आली. ती त्यांनी खाल्लीही.

बुखाऱ्यात तर रस्त्यांची नावेच आपल्याशी बोलतात. हौदाच्या काठी वसलेला चौक ‘लबी होवुज’, म्हणजे लब-ए-हौज. घुमट असलेले जुने बाजार तिथे अजून भरतात. एक ‘सर्रोफोन’, म्हणजे आपले सराफ. दुसरा ‘जरगरोन’, सोनारांचा. आपल्या जरीतला ‘जर’ तोच. तिसरा टोपी विकणाऱ्यांचा. ‘चोर मिनोर’ ही वास्तू १८०७ सालची, चार मिनारांचीच, पण आमच्या हैदराबादच्या चारमिनारपुढे छोटीशी बाहुली. सगळ्यांत उंच कलां मिनार, ११२७ साली बांधलेला, सुमारे ४७ मीटर. त्याच्या पायथ्याचे पटांगण, हौदाचा काठ, बाजाराचे घुमट, यांना तिकीट नाही. आमच्या बुखाऱ्यातल्या संध्याकाळी तिथेच गेल्या. ज्या वास्तूंना तिकीट आहे तिथे परदेशी माणसाला जास्त पडते, म्हणून दिवसाला एक किंवा दोनच निवडल्या.

समरकंदच्या रेगिस्तान चौकाचे तिकीट मात्र आम्ही काढले. तीन मदरसे समोरासमोर. उलुगबेगचा १४२० सालचा, शेरदोर १६३६ चा आणि सोन्याच्या कामाचा तिल्ला-कोरी १६६० चा. उलुगबेग हा तैमूरचा नातू आणि मोठा खगोलशास्त्रज्ञ. त्याच्या वेधशाळेत हजाराहून अधिक ताऱ्यांची यादी तयार झाली. जयपूर-दिल्लीचे जंतरमंतर बांधणाऱ्या सवाई जयसिंगांनी त्याच परंपरेतून काम पुढे नेले. जमिनीत कोरलेल्या त्या प्रचंड कमानीपुढे लेक बराच वेळ उभी राहिली. भूगोलाच्या तासाला ती एवढा वेळ कधी स्थिर बसलेली नाही.

शाह-ए-जिंदा ही निळ्या फरशांच्या मकबऱ्यांची गल्ली. पैगंबरांचे चुलतभाऊ कुसम इब्न अब्बास यांची कबर तिथे मानतात. वर जायला पुष्कळ पायऱ्या आहेत. अम्मी मध्ये मध्ये बसत हळूहळू चढल्या. वर एका भिंतीपाशी कॉलेजातल्या मुलींचा घोळका होता. “हिंदुस्तोन?” असे विचारून त्यांनी राज कपूर आणि शाहरुख खानची नावे घेतली, हे तिथे जागोजागी होते. मग अम्मी भिंतीवरच्या ओळीवर हवेतच बोट फिरवीत बिस्मिल्लाहपासून वाचू लागल्या, तशा त्या मुली गप्प झाल्या. एकीने मोडक्या इंग्रजीत विचारले, तुमच्या आजीला हे वाचता येते? तिथली अरबी लिपी १९२० च्या दशकाच्या शेवटी गेली, मग लॅटिन आली, १९४० मध्ये रशियन आणि १९९३ पासून पुन्हा लॅटिन. आजच्या मुलांना आपल्या पणजोबांची अक्षरे दिसतात, पण वाचता येत नाहीत. अम्मी चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी त्या मुलींना एकेक शब्द लावून दाखवला. मुली मागे म्हणत गेल्या आणि आम्हाला तिथून निघायला तासभर उशीर झाला. आमच्या उर्दूच्या वर्गात दरवर्षी पट कमी होतो आणि पालक विचारतात, उर्दू शिकून काय मिळणार? त्या दुपारी लेकीने तिच्या दादीकडे ज्या नजरेने पाहिले, ते त्यांना दाखवता आले असते तर बरे झाले असते.

इमाम बुखारींची कबर समरकंदपासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर आहे. त्यांचा जन्म ८१० साली बुखाऱ्याचा आणि इंतकाल ८७० साली इथला. सकाळी टॅक्सी करून गेलो, दुआ करून आलो. अम्मी परतीच्या वाटेवर काही बोलल्या नाहीत, लेकीचा हात मात्र धरून बसल्या होत्या.

खाण्याचे गणित सोपे ठेवले. सकाळी भरपूर नाश्ता, दुपारी चायखान्यात पलोव, संध्याकाळी बाजारातला गरम नान आणि फळे. पलोव मोठ्या कढईत सकाळीच शिजतो आणि दुपारनंतर संपतो, म्हणून बारा-एकला गाठायचा. नान हाताने मोडतात, उलटा ठेवत नाहीत. चहा पियाल्यात थोडा थोडाच ओततात, कमी ओतणे हा पाहुण्याचा मान आहे. तिखट मात्र नसते, म्हणून घरची लसणाची चटणी नेली होती. तिने चौथ्या दिवसापासून आम्हाला तारले.

परतीच्या आदल्या दिवशी ताश्कंदमध्ये लालबहादूर शास्त्रींच्या पुतळ्यापाशी गेलो. १० जानेवारी १९६६ ला करार झाला आणि त्याच रात्री, तारीख ११ लागल्यावर, ते तिथे वारले. इतिहासाच्या पुस्तकातली ही ओळ लेकीने अनेकदा पाठ केली होती.

आता ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. सगळ्यांचे पासपोर्ट आधी काढा, विशेषतः घरातल्या थोरल्यांचे. त्यांच्या जुन्या कागदांवर नावाचे स्पेलिंग जुळवायलाच महिने जातात. डॉलर नव्या, न दुमडलेल्या नोटांत न्या आणि थोडे थोडे बदला. रोजचा खर्च घरातल्या मुलाकडे किंवा मुलीकडे लिहायला द्या. आमच्या लेकीकडे वही होती आणि तिच्या परवानगीशिवाय आइस्क्रीमही मिळत नव्हते. गुडघे दुखणाऱ्यांसाठी खोली खालच्या मजल्यावरची मागा. औषधे दोन पिशव्यांत विभागून ठेवा. आणि थोरल्यांना नेणे पुढच्या वर्षावर टाकू नका. आम्ही परतल्यापासून अम्मींचे गुडघे जास्त दुखू लागले आहेत, आता त्या जिना चढत नाहीत. उमराहच्या खात्यात मात्र रक्कम पुरेशी होत आली आहे. इन्शाअल्लाह, पुढच्या मे महिन्यात त्यांना घेऊन तिकडे निघायचे आहे. वही याही वेळी लेकीकडेच आहे.